किराया आणि कागद

2000 पर्यंत यवतमाळच्या घरमालकाला किरायदार काढायचा, तर 1949 च्या मध्य प्रांत-वऱ्हाड आदेशानुसार आधी भाडे नियंत्रकाची परवानगी, मग नोटीस, मग कोर्ट. तोवर मालकाची पोरं लग्नाची व्हायची! 31 मार्च 2000 ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, परवानगीची पायरी गेली. पण कलम 55 ने करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. तसा नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायदाराचेच म्हणणे ग्राह्य. तरी मेडिकल कॉलेजच्या पोरांना खोली देताना आमच्याकडे मुद्रांकावर ‘अकरा महिने’ लिहून, दोन सह्या घेऊन कागद कपाटात जातो. डिपॉझिटचा वाद निघाला की दोघेही वकिलाकडे धावतात. नोंदणीचा खर्च वाचवणे ही काटकसर आम्हाला तरी कळत नाही.