हृदय बंद पडले, पण कशाने?

मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यातून काहीच कळत नाही. हृदय शेवटी सगळ्यांचेच बंद पडते. या प्रमाणपत्राच्या ‘नमुना ४’मध्ये डॉक्टरने तात्कालिक कारण, त्यामागचे कारण आणि तळाशी मूळ कारण लिहायचे असते. आकडेवारी या मूळ कारणावर उभी राहते. घाईत वरचीच ओळ भरली जाते आणि क्षयाने किंवा सर्पदंशाने गेलेला माणूस हृदयविकाराच्या खात्यात जमा होतो.

अशा संदिग्ध नोंदी संख्याशास्त्रज्ञ इतर कारणांत वाटून टाकतात. वाटणीचे प्रमाण बहुधा नीट भरलेल्या प्रमाणपत्रांवरून काढतात, आणि धोका तिथेच आहे. २०२० साली देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्क्यांचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते, तेही मुख्यतः रुग्णालयांतले. रुग्णालयातले प्रमाण शेताच्या बांधावर झालेल्या मृत्यूंना लावले, तर सर्पदंश आणखीच दिसेनासा होतो. चूक एकाच बाजूला झुकलेली असली की लाखो नोंदी जमवूनही ती निघत नाही; चुकीच्या आकड्यावरचा विश्वास मात्र वाढतो.

भारताचे महानिबंधक आणि डॉ. प्रभात झा यांच्या ‘मिलियन डेथ स्टडी’ने वेगळी वाट धरली. नमुना म्हणून निवडलेल्या घरी जाऊन नातेवाइकांकडून मृताची लक्षणे लिहून घेतली आणि दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरवले. २००५ साली सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसे दगावल्याचा अंदाज त्यातून निघाला, सरकारी नोंदींच्या कितीतरी पट. मलेरियाच्या सुमारे २ लाख मृत्यूंच्या अंदाजावर मात्र जागतिक आरोग्य संघटनेने आक्षेप घेतला. त्यात तथ्य होते: साप चावल्याचे घरच्यांना सहसा ठाऊक असते, ताप कशाचा होता, हे त्यांना सांगता येत नाही. या पद्धतीचीही चूक कारणागणिक बदलते, म्हणून ती मोजल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही.

ही चूक मोजण्याचे काम महाराष्ट्राने अंगावर घ्यावे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातली काही प्रमाणपत्रे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, केसपेपरशी ताडावीत, घरी झालेल्या मृत्यूंचीही चौकशी करावी. कोणते कारण किती वेळा दुसऱ्याच्या नावावर गेले, याचा तक्ता जाहीर करावा. मूळ आणि दुरुस्त आकडे शेजारी-शेजारी, अनिश्चिततेच्या मर्यादांसह छापावेत. सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या कुपी कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किती ठेवायच्या, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती असा आकडा असलाच पाहिजे.