पडीक जमिनीवरील सोनकी

भाद्रपदाच्या सुमारास साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरमाथे पिवळे होतात. या पिवळेपणात मोठा वाटा सोनकीचा असतो. हातभर उंचीचे हे रोप सूर्यफुलाच्या कुळातले. शेवंती, झेंडू आणि कारळा ही त्याची भावंडे. वरवर एकच दिसणारे त्याचे फूल वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा समुदाय असतो. कडेच्या फुलांची एकेक पाकळी बाहेर पसरलेली असते, मधोमध नळीसारख्या फुलांची दाटी असते. पाऊस सरला की रोप बी धरून वाळून जाते. पांढऱ्या तंतूंच्या झुपक्यावर तरंगत बी वाऱ्यासवे जाते आणि खडकाच्या फटीतील ओंजळभर मातीत पुढच्या पावसापर्यंत पडून राहते. नांगर जेथे चालत नाही तेथेच सोनकीचा संसार आहे.

नेमक्या याच कारणामुळे सरकारी दप्तरात या जमिनीला किंमत नाही. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात जमीनमोजणीची जी पद्धत बसविली, तिचा हेतू सारा ठरविण्याचा होता. ज्या जमिनीतून सारा निघत नाही ती निकामी, हा त्या पद्धतीचा न्याय. त्याच काळात मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहम याने या परिसरातील वनस्पतींची यादी सिद्ध केली. ती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. सोनकीच्या शास्त्रीय नावात पुढे पुष्कळ काळ या ग्रॅहमचेच नाव होते. एकाच राजवटीचा एक अधिकारी डोंगरावरील वनस्पतींची नोंद घेत होता आणि दुसरा जमिनीची प्रतवारी साऱ्याच्या मापाने ठरवीत होता. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांनी वारसा दुसऱ्याचा चालविला. ‘पोटखराबा’ आणि ‘पडीक’ हे शब्द सातबाऱ्यावर तसेच राहिले. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही ‘ओसाड खडकाळ क्षेत्र’ असा एक स्वतंत्र वर्ग आहे.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हे. ज्या जमिनीची नोंदच निकामी म्हणून झालेली आहे, ती विकताना शेतकऱ्याची बाजू आधीच लंगडी पडते. जेथे गावाची गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरली ते सडे दप्तराच्या लेखी रिकामे असतात, आणि रिकाम्या जागेवर कोणालाही योजना आखता येते. सातारा जिल्ह्यातील पठारांवर पवनचक्क्या आल्या, विश्रामगृहे आली. २०१९ मध्ये ‘नवीन महाबळेश्वर’साठी राज्य रस्ते विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, सातारा, जावळी आणि पाटण या तालुक्यांतील २३५ गावे त्या कक्षेत घेण्यात आली. कोयनेच्या धरणासाठी याच मुलखातील माणसे उठविली गेली होती, याचे स्मरण नियोजनकारांना असेल असे मानण्यास आधार नाही.

बांधकामामागोमाग सोनकीचाच एक परदेशी भाऊबंद येतो. अमेरिका खंडातून आलेले गाजर गवत याच कुळातले. उकरलेली माती, रस्त्याची कड आणि राबिटाचा ढीग ही त्याची आवडती ठिकाणे. जनतेने त्याला ‘काँग्रेस गवत’ म्हटले, आणि पी. एल. ४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर ते आले ही कथा डाव्या व्यासपीठांवरून आवडीने सांगितली गेली. तथापि हे गवत पुण्यात १९५५ मध्येच नजरेस आले होते, आणि त्या गव्हाचा करार १९५६ चा आहे. सोयीची म्हणून चुकीची गोष्ट सांगत राहणे समाजवाद्यांना शोभत नाही. शिवाय उकरलेली जमीन त्याला आयती मिळते, हा दोष परदेशी गव्हाचा नाही.

कास पठाराचे उदाहरण सर्वांच्या तोंडी असते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कास आहे. गर्दी वाढली, लोखंडी कुंपण पडले, चराई थांबली. गुरे थांबल्यावर गवत माजते आणि त्याखाली लहान रोपांना ऊन मिळत नाही, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. काही वनस्पतिशास्त्रज्ञांचे मतही तसेच पडले. पुढे ते कुंपण काढण्यात आले. अनिर्बंध चराईने पठाराची हानी होते हेही खरेच. पण किती गुरे, कोणत्या महिन्यात, हे ठरविण्याचे ज्ञान गावात होते आणि त्याला कोणी विचारले नाही. कास आणि भोवतालच्या गावांच्या समित्यांना प्रवेशशुल्काचे काम मिळाले, तरुणांना हंगामापुरता रोजगार मिळाला. ते स्वागतार्ह आहे. परंतु तिकीट फाडण्याचा अधिकार म्हणजे पठाराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार नव्हे.

माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात ग्रामसभांना विचारून पुढे जाण्याचा आग्रह धरला होता. तो बाजूला सारून कस्तुरीरंगन समिती नेमली गेली, आणि २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे निघाले. सहावा मसुदा २०२४ चा. या साऱ्या काळात विरोधकांनी गावोगाव एकच भीती पसरविली, की फुले वाचवायची तर माणसांना डोंगर सोडावा लागेल. पक्षाच्या काही कार्यकर्त्यांनाही ही भीती खरी वाटली, आणि हा प्रश्न शहरी निसर्गप्रेमींचा समजून त्यांनी सोडून दिला. ही चूक महागात पडली आहे.

वनखात्याच्या ताब्यातील सड्यांपुरता तरी एक मार्ग मोकळा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला चराईचा आणि सामूहिक वनसंपत्तीच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा हक्क मागता येतो. महसुली व मालकीच्या पठारांसाठी ‘पडीक’ ही नोंद बदलून घेण्याची वेगळी लढाई करावी लागेल. ती लांबची आहे. वनहक्काचे दावे मात्र आज भरता येतात. २००८ च्या नियमांनुसार गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही पुराव्यात धरले जाते. कोणत्या सड्यावर कोणत्या वाडीची गुरे जात आणि सोनकी फुलली असता ती कोठे वळवीत, हे सांगू शकणारी माणसे जावळी-पाटणच्या वाड्यांतून आता थोडीच उरली आहेत. कार्यकर्त्यांनी वही घेऊन आधी त्यांच्याकडे जावे.