रोजच्या जगण्याचे ग्रंथ

समर्थ रामदासांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास अक्षर कसे काढावे हे सांगतो. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे हवे. काना, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी हव्यात. पोथीचे पहिले पान आणि शेवटचे पान एकाच टाकाने लिहिले आहे, असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे. शाई, कागद, लेखणी यांची पारख करावी, पानाच्या कडेला समासासाठी जागा सोडावी, अशा सूचनाही त्यात आहेत. ब्रह्म आणि माया यांचा उलगडा करायला बसलेल्या ग्रंथाला हस्ताक्षराची एवढी काळजी आहे, कारण समर्थांच्या मठांतून ग्रंथ हातानेच उतरवले जात आणि गचाळ काम करणाऱ्याची साधना चोख होईल यावर समर्थांचा विश्वास नव्हता. त्यांच्या शिष्यांनी उतरवलेली बाडे शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून गोळा केली. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ती जपून ठेवली आहेत.

यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विषय आहे मनाला वाढवणारे आणि रोजचा दिवस नीट लावून देणारे वाचन. पुस्तकांच्या दुकानात आज यासाठी दोन वेगळी कपाटे असतात. एकावर ‘अध्यात्म’ अशी पाटी असते, दुसऱ्यावर ‘व्यक्तिमत्त्व विकास’. दुसऱ्या कपाटातली निम्मीशिम्मी पुस्तके भाषांतरित असतात, आणि त्यांतली काही खरोखर उपयोगाची असतात. पण मराठीतल्या ज्या ग्रंथांवर पिढ्या पोसल्या गेल्या, त्यांनी ही वाटणी कधीच केली नाही. प्रपंच नेटका करण्याची शिकवण आणि परमार्थाची वाट त्यांत एकत्रच येते. म्हणून वाचकाने सुरुवात तिथूनच करावी, असे या अंकाच्या संपादकांचे स्पष्ट मत आहे.

पहिले पुस्तक कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर तयार आहे: विनोबा भावे यांची ‘गीता प्रवचने’.

या पुस्तकाचा जन्म धुळ्याच्या तुरुंगातला. १९३२ साली कायदेभंगाच्या चळवळीतले शेकडो सत्याग्रही तिथे होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली आणि दर रविवारी एक अध्याय असे करत १९ जूनला अठरावा संपवला. समोर बसलेल्यांत विद्वान थोडे आणि साधे कार्यकर्ते जास्त. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ते भराभर लिहून घेत होते. त्यांनी उतरवून घेतले नसते तर हे पुस्तकच झाले नसते. पुढे भारतातल्या बहुतेक सर्व प्रमुख भाषांत ते गेले.

विनोबांच्या पांडित्याविषयी शंका नाही. पण या पुस्तकाची खरी ताकद दाखल्यांत आहे. अर्जुनाचा विषाद हा वैराग्यातून आलेला नाही, मोहातून आलेला आहे, हे सांगताना ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. जन्मभर गुन्हेगारांना फाशी सुनावणारा हा माणूस, स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर उभा राहताच फाशीची शिक्षा किती अमानुष आहे यावर बोलू लागतो. परक्याला एक नियम आणि घरच्याला दुसरा, हे प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत घडत असते. वाचणाऱ्याला कुरुक्षेत्र आपल्या ओसरीवर दिसते. चौथ्या अध्यायात कर्मात मन ओतले की काय होते हे सांगायला त्यांना मुलाच्या पाठीवरून फिरणारा आईचा हात पुरतो. दहाव्या अध्यायात ईश्वर ओळखण्याची रीत ते बालवाडीच्या पद्धतीने शिकवतात. आधी सोपी, ठळक अक्षरे, म्हणजे आई, वडील, गुरू, संत, लहान मूल. जोडाक्षरे नंतर, म्हणजे ज्यांच्यात चांगले सहज दिसत नाही अशी माणसे. चौदाव्यात तमोगुणाचा पहिला अवतार आळस आणि त्यावरचे औषध शरीरश्रम. तत्त्वज्ञान न शिकलेल्या माणसालाही यातले एक वाक्य अडत नाही.

विनोबांच्या आई रुक्मिणीबाईंना गीता वाचायची होती, पण संस्कृत कळत नव्हते आणि हाती आलेले मराठी श्लोकही अवघड वाटत होते. मग तूच का नाही करत, असे त्या मुलाला म्हणाल्या. त्या १९१८ साली गेल्या. विनोबांनी केलेली मराठी गीता, ‘गीताई’, लिहून झाली १९३०-३१ मध्ये. कोणासाठी लिहायचे आहे हे इतके नेमके ठाऊक असल्यामुळेच तिची भाषा आजही ताजी वाटते. प्रवचनांबरोबर ती हाताशी ठेवावी.

दासबोध मात्र डोळे उघडे ठेवून वाचायचा ग्रंथ आहे. दुसऱ्या दशकातली मूर्खलक्षणे आणि पढतमूर्खाची लक्षणे वाचताना शेजारचा माणूस आधी आठवतो, मग हळूहळू आपण स्वतः. अकराव्या दशकातली दिनचर्या, बाराव्यातली यत्नाची शिकवण आजच्या कोणाही नोकरदाराला, दुकानदाराला, विद्यार्थ्याला कामाची आहे. पण वर्णाविषयीच्या आणि स्त्रियांविषयीच्या कित्येक ओव्या आज पटणार नाहीत, पटू नयेत. त्या गाळून ग्रंथ गुळगुळीत करणेही बरोबर नाही. त्या जिथे टोचतात तिथे तुकडोजी महाराजांची ग्रामगीता जवळ घ्यावी. मोझरीच्या या संताने ४१ अध्यायांत गावाची सफाई, आरोग्य, शिक्षण, लग्नातला वायफळ खर्च आणि स्त्रियांची उन्नती हाच धर्म म्हणून मांडला. शहरी वाचकांनी तिला खेड्यापुरते पुस्तक समजून बाजूला ठेवले आहे. हे नुकसान शहरी वाचकांचे आहे.

आणि ‘बहिणाबाईंची गाणी’. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना सुचलेल्या त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. दुःख कसे सोसावे, संसाराकडे कसे पाहावे, याबद्दल इतके थेट बोलणारी पुस्तके मराठीत थोडी आहेत.

पुस्तक निवडण्याइतकेच ते कसे वाचायचे हे ठरवणेही महत्त्वाचे आहे. हे ग्रंथ एकट्याने, मनातल्या मनात, झरझर संपवण्यासाठी लिहिलेले नाहीत. गावोगावच्या ज्ञानेश्वरीच्या पारायणात वाचणारा आणि ऐकणारा एका मांडवात असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, आणि महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांत वर्षावासाच्या काळात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारांतून तो मोठ्याने वाचला जातो. दिवसभर मजुरी करून आलेली बाई आणि कॉलेजात शिकणारी तिची नात एकाच सतरंजीवर बसून ऐकतात, प्रश्न विचारतात. वाचनसंस्कृती संपल्याची तक्रार करणाऱ्यांनी एकदा तरी तिथे जाऊन बसावे.

वेळ नाही, ही सबब या ग्रंथांपुढे टिकत नाही. दासबोधाचे समास दोनशे. दिवाळीच्या पाडव्याला आरंभ करून रोज एक वाचला तर वैशाखात ग्रंथ पुरा होतो, आणि एका समासाला चहा निवण्याइतकाही वेळ पुष्कळ वेळा लागत नाही. ‘गीता प्रवचने’ तर रविवारच्या हिशेबानेच घडली. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सुरू केली तर फाल्गुनात अठरावा अध्याय येईल.

वाचकांना एवढीच विनंती आहे की यंदा या पुस्तकांपैकी एक तरी घरात आणावे, घरातल्या एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि न पटेल तिथे थांबवून बोलावे. मुलांनाही बोलू द्यावे. काय पटले, काय खटकले, ते पत्राने कळवावे. पुढच्या दिवाळी अंकात त्या पत्रांसाठी पाने राखून ठेवली आहेत.