थोरल्या मुलांची तात्पुरती शाळा

मैत्रिणींनो, शाळेची जुनी इमारत धोक्याची ठरली की घरी दोन ओळींची सूचना येते. ‘पाचवीपर्यंतचे वर्ग आहेत तिथेच भरतील, सहावीपासूनचे वर्ग तात्पुरत्या जागेत बसतील.’ सूचना दोनच ओळींची, पण ती वाचून आईच्या मनात जे प्रश्न उभे राहतात ते दोन पानांतही मावायचे नाहीत. मी घर सांभाळून काही तास शिकवायला जाते, तेव्हा शाळेची अडचणही मला कळते आणि आईची धास्तीही.

आधी शाळेची बाजू. पडकी इमारत रिकामी करणं हे शहाणपणाचंच आहे. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेची खोली कोसळून तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या शाळेत सात मुलं दगावली. त्यामुळे ‘आमची मुलं आहेत तिथेच बसू द्या’ असा हट्ट आपण धरू नये. आणि थोरल्यांनाच का हलवतात, त्यालाही कारण आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत चालते. म्हणून लांबची जागा थोरल्यांच्या वाट्याला येते.

पण ‘मोठी झालीत, सांभाळतील आपलं आपण’ हे जे वाक्य सर्रास ऐकू येतं ना, ते काही मला पटत नाही. धाकट्यांना लागणाऱ्या सोयी वेगळ्या आणि थोरल्यांना लागणाऱ्या वेगळ्या, एवढाच काय तो फरक.

मुलींचंच बघा. नव्या जागेत धड संडास नसला तर मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही. महिन्याच्या त्या चार दिवसांत घरीच राहते. चाराचे सहा होतात, मग परीक्षेत मागे पडते, आणि मग घरातलंच कुणी म्हणतं, ‘नाहीतरी अभ्यासात लक्ष नाही, आता स्थळं बघायला लागा.’ एका दाराला कडी नव्हती म्हणून मुलीची शाळा सुटली, असं कुणी कधी कबूल करत नाही. पण होतं तसंच. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि ऊनपावसात टिकेल अशी इमारत या गोष्टी आठवीपर्यंतच्या शाळेला कायद्यानंच घालून दिल्या आहेत. मागताना संकोच कशाला?

दुसरी गोष्ट रस्त्याची. आमचं नशिराबाद जळगाव-भुसावळ महामार्गावरचं. केळीचे ट्रक रात्रंदिवस धावत असतात. जागा रस्त्याच्या पलीकडे मिळाली तर पोरांनी तो ओलांडायचा कुठे आणि त्या वेळी तिथे मोठं माणूस कोण उभं राहणार, हे पहिल्या दिवसाआधी ठरलं पाहिजे. एकदा स्वतः चालत जाऊन या, तेही शाळा सुटायच्या वेळेला. एस. टी.नं जावं लागणार असेल तर ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो, त्याचा अर्ज लगेच करा. आणि हो, आजवर धाकट्या भावाला थोरली बहीण घेऊन जात होती; आता त्याला कोण नेणार, तेही घरात बोलून ठेवा.

तिसरी गोष्ट पत्र्याची. आपल्या खानदेशात मार्चपासूनच पत्रा तापतो. अशा वेळी गावातलं कुणीतरी हमखास सुचवतं, ‘वर पऱ्हाट्या नाहीतर गवत टाका, गार राहील.’ बाई गं, हे मात्र मुळीच करू देऊ नका! १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग लागली, गवती छपरानं पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. त्या दुर्घटनेनंतर झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सांगितलं, की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा गवताऐवजी पत्र्याला बाहेरून चुन्याचा दाट पांढरा हात द्या. ऊन परतून लावायला तो पुष्कळ उपयोगी पडतो. समोरासमोर खिडक्या, पाण्याचे दोन माठ, उन्हाळ्यात सकाळची शाळा, आणि बाहेर पडायला एकाऐवजी दोन दारं. चूल किंवा गॅस वर्गापासून दूर. आठवीपर्यंतच्या मुलांच्या दुपारच्या जेवणाचा हक्क जागा बदलली म्हणून जात नाही. तेव्हा जेवण कुठे शिजणार, आणि दुसरीकडून येणार असेल तर झाकून व वेळेवर येणार का, हेही विचारा.

हे सगळं विचारायचं कुठे? शाळेच्या फाटकाशी घोळक्यात नव्हे. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. पण कित्येक ठिकाणी या बायकांची सही तेवढी घरपोच घेतली जाते. सही करण्याआधी बैठकीला जा. इमारत इंजिनिअरनं तपासल्याचा कागद पाहायला मागा. प्रयोगशाळा आणि पुस्तकं तिकडे येणार का, गणित-विज्ञानाचे शिक्षक दोन्हीकडे कसे पुरणार, हेही विचारा. दहावीच्या मुलांचं वर्ष काही थांबून राहत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत येण्याची तारीख लेखी घ्या. बांधकामाला दोन-तीन वर्षं सहज लागतात. इमारतीच्या मानानं तो काळ थोडा. पण आठवीत त्या शेडमध्ये बसलेली मुलगी तोवर दहावी होऊन बाहेर पडते. म्हणजे तिचं अख्खं हायस्कूल तिथेच संपतं. म्हणून ‘तात्पुरतं आहे, चालवून घ्या’ असं कुणी म्हणालं तर हा हिशेब शांतपणे त्यांच्यापुढे मांडा.

तुमच्या गावावर असा प्रसंग आला असेल तर काय सोय केलीत, काय निभावलं आणि काय नडलं, ते जरूर लिहून कळवा. दुसऱ्या गावच्या एखाद्या आईला त्याचा आधार होईल.