बिनतारी इंटरनेटची दुर्बलता: दोष कोठें शोधावा?

पालघर तालुक्यांतील शेतकऱ्यास आज सातबाऱ्याचा उतारा हवा असल्यास सज्जाच्या कचेरींत चार खेपा घालण्याचें कारण उरलेलें नाहीं. सन २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला. त्यास आज पंधरा रुपये पडतात. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. अवजारांच्या व ठिबकाच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. ज्यांचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें त्या आम्हांस ही सुधारणा मनापासून आवडते. परंतु कागद दप्तरांतून निघून लॅपटॉपच्या पडद्यावर आला, आणि त्यास पडद्यापर्यंत पोंचविणारी बिनतारी लहर मात्र माजघराच्या भिंतीशीं अडून बसली, अशी स्थिति पुष्कळ घरांत आहे. अर्जाची मुदत रात्रीं संपावयाची, कागदपत्रें चढवितांना पडद्यावरील चक्र फिरत राहावयाचें, आणि सकाळीं मुदत संपल्याची अक्षरें वाचावयाचीं, हा अनुभव न आलेले सभासद थोडेच सांपडतील.

अशा वेळीं आमचे शेतकरी बंधु दोहोंपैकीं एक गोष्ट करितात. एक तर कंपनीच्या नांवानें बोटें मोडून स्वस्थ बसतात, नाहींतर दरमहा अधिक पैसे भरून अधिक वेगाची योजना घेतात. आमच्या परिचयाच्या एका वाडीवाल्यानें योजनेचा वेग दुप्पट करून घेतला. ओटीवर तो दुप्पट झालाही. मागच्या खोलींत, जेथें त्यांची कन्या लॅपटॉप घेऊन परीक्षेचा अभ्यास करिते, तेथें मात्र कांहींच फरक पडला नाहीं. सूर्येच्या कालव्यांत पाणी अधिक सोडलें म्हणून फुटक्या पाटाच्या टोकाचा वाफा भिजत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, पैसा खर्चण्यापूर्वीं दोष कोठें आहे याची पाहणी करावी, व ती घरमालकानें स्वतः करावी. त्यास विद्या लागत नाहीं. एक तास लागतो.

इंटरनेटच्या वाटेचे दोन हिस्से आहेत. कंपनीच्या ठाण्यापासून तारेनें अथवा मनोऱ्यावरून घरांतील राऊटरपर्यंत येणारा तो बाहेरचा हिस्सा. राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत हवेंतून जाणारा तो आंतला. हद्दीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे मोजणीदार आधीं हद्दीचा दगड शोधतो. येथें हद्दीचा दगड म्हणजे राऊटर. लॅपटॉप राऊटरशेजारीं नेऊन तो प्रथम इथरनेटच्या केबलनें जोडावा व वेग मोजावा. हल्लींच्या पातळ लॅपटॉपांस त्या केबलचें भोंक नसतें. त्यांकरितां यूएसबीचा लहानसा जोड बाजारांत मिळतो. नंतर केबल काढून त्याच जागीं बिनतारी वेग मोजावा, आणि शेवटीं नेहमींच्या बसण्याच्या जागीं मोजावा. हें सर्व सकाळीं एकदां व रात्रीं नवाच्या सुमारास एकदां करून कागदावर टिपून ठेवावें. केबलवरच वेग मंद असेल तर दोष बाहेरच्या हिश्श्याचा. टिपलेले आंकडे घेऊन कंपनीकडे खुशाल भांडावें, आंकड्यांपुढें तोंडी सबबी फार वेळ टिकत नाहींत. केबलवर ठीक, राऊटरजवळ बिनतारीही ठीक, आणि दूरच्या खोलींत मंद, असें आढळल्यास दोष घराचा. राऊटरजवळही बिनतारी मंद, पण तेथेंच मोबाईल चांगला चालतो, असें असल्यास दोष लॅपटॉपचा. एवढी विभागणी झाली कीं अर्धें काम झालें.

लहरीची शक्तिही मोजतां येते. मोबाईलवरील एखादें फुकट मिळणारें ॲप ती उणे आंकड्यांत दाखवितें. हा आंकडा आणेवारीच्या उलट वाचावयाचा: शून्याच्या जितका जवळ तितकें पीक चांगलें. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत चलच्चित्रासह सर्व कामें सुरळीत होतात. उणे ८० ला मात्र पान उघडण्याचीही मारामार. दर तीन अंकांस शक्ति निम्मी होते. उणे ५० वरून उणे ८० वर आलों म्हणजे हजारांतील एक हिस्सा हातीं राहिला, हें ध्यानीं घेतल्यास दहा पावलांवर एवढा फरक कां पडतो याचें नवल वाटणार नाहीं.

सन १८९५ मध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास बिनतारी लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली. लहर भिंतींतून जाते खरी, परंतु जातांना ती जकात देते, आणि ती किती द्यावी लागते हें भिंतीवर अवलंबून आहे. कारवीच्या कुडाची, वरून शेणामातीनें लिंपलेली भिंत तिला फारशी अडवीत नाहीं. विटांची भिंत अडविते. सळईच्या सिमेंटचा स्लॅब त्याहून अधिक. आणि पत्र्याचें छप्पर, लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा तर तिला परतच फिरवितो. पाणी ही लहर पितें. मायक्रोवेव्ह भट्टींत अन्नांतील पाणी तापतें तें याच जातीच्या लहरीनें. म्हणून पाण्याची टांकी, पावसांत भिजलेली भिंत व चिकूचा ओला पाला हे तिचे शत्रु होत. आमच्याकडे जुनीं कुडाचीं घरें जाऊन बंगले उभे राहिले, त्यांच्याबरोबर ही अडचणही आली.

लहरीच्या निवडीबाबत मात्र आपल्याच तालुक्यांत एक मोलाचा प्रयोग झालेला आहे, आणि आपल्यापैकीं बहुतेकांस त्याची वार्ताही नाहीं याचा आम्हांस खेद होतो. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्रो. अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘ग्राममार्ग’ या नांवानें खामलोली, बहाडोली, धुकटण या बाजूच्या खेड्यांत इंटरनेट पोंचविलें. त्यासाठीं त्यांनीं दूरचित्रवाणीच्या पट्ट्यांतील, म्हणजे पांचशें मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, लहरी वापरल्या. आपल्या देशांत हा पट्टा बराचसा रिकामा पडून असतो. या लहरीची लांबी सुमारें दोन फूट. ती झाडीझुडपांतून व चढउतारांवरून लहान लहरींपेक्षां दूर जाते. पुढें त्यांनीं पंचवीस खेड्यांत ५.८ गिगाहर्ट्झच्या आंखूड लहरींवरही काम केलें. ती अधिक माल वाहते, पण तिला दोन टोकांमध्यें मोकळी नजर लागते. या उद्योगास सन २०१७ मध्यें मोझिला या परदेशी संस्थेचें सव्वा लाख डॉलरांचें पारितोषिक मिळालें. बहाडोलीचीं जांभळें मुंबईच्या बाजारांत ठाऊक आहेत. बहाडोलीचें हें दुसरें पीकही ठाऊक असावें.

घरांतील राऊटरही बहुधा दोन लहरी सोडतो: एक २.४ गिगाहर्ट्झची, साडेबारा सेंटिमीटर लांबीची. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, तिच्या निम्म्याहूनही आंखूड. खामलोलीचाच नियम येथें लागू. राऊटर त्याच खोलींत असेल तर लॅपटॉप ५ च्या लहरीस जोडावा, वेग पुष्कळ मिळतो. दोन भिंतींपलीकडे बसावयाचें असेल तर २.४ ची लहर पत्करावी. वेग कमी, पण ती पोंचते. दोन्ही लहरींस एकच नांव दिलेलें असल्यास लॅपटॉप भलत्याच लहरीस चिकटून बसतो, तेव्हां राऊटरच्या सेटिंगमध्यें त्यांस वेगवेगळीं नांवें द्यावीं.

राऊटरच्या जागेइतका दुर्लक्षित विषय दुसरा नसेल. तार लावावयास येणारा माणूस जेथें तार आंत शिरते तेथेंच, मीटरच्या खालीं किंवा टीव्हीच्या मागें, राऊटर ठेवून निघून जातो, आणि घरमालक तो जन्मभर तेथून हलवीत नाहीं. निम्मी लहर अंगणांतल्या कोंबड्यांच्या कामीं येते. आमच्या पूर्वजांनीं घराच्या मध्यभागीं माजघर ठेविलें तें राऊटरसाठीं नव्हे. पण आज त्याची तीच उत्तम जागा आहे. दहा-पंधरा मीटर अधिक केबल घेऊन राऊटर माजघरांत, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवावा. त्याचे दांडे उभे ठेवावे, कारण लहर दांड्याच्या टोकांतून न निघतां त्याच्या चहूं बाजूंस आडवी पसरते. वरच्या मजल्यावर पोंचवावयाची असल्यास एक दांडा आडवा करावा. केळवें, सातपाटी, चिंचणी-तारापूर या किनाऱ्याच्या गांवीं खाऱ्या हवेनें तारांचे जोड गंजतात, तेव्हां दर पावसाळ्यानंतर ते तपासावे.

बोईसरची गोष्ट निराळी. तेथें औद्योगिक वसाहतीच्या भोंवतालच्या चाळींत व इमारतींत भिंतीस भिंत लागून वीस-वीस राऊटर ओरडत असतात. २.४ च्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच: १, ६ व ११. शेजाऱ्यांनीं कोणत्या धरल्या आहेत हें ॲपवर पाहून सर्वांत मोकळी घ्यावी, अथवा ५ च्या लहरीवर जावें. तिचें भिंतींशीं न पटणें तेथें गुणच ठरतें.

लॅपटॉपचे दोष थोडक्यांत सांगतों. त्याचा अँटेना बहुधा पडद्याच्या कडेंत बसविलेला असतो. पडदा अर्धवट मिटून किंवा लोखंडी टेबलाच्या कोपऱ्यांत ठेवून काम करूं नये. विजेशिवाय चालतांना बॅटरी वांचविण्याकरितां तो बिनतारी यंत्राची शक्ति कमी करितो; तें सेटिंग बदलतां येतें. चालक-प्रणाली, म्हणजे ज्यास मुलें ‘ड्रायव्हर’ म्हणतात, ती नवी करून घ्यावी. लॅपटॉप जुना असेल तर बाहेरचा यूएसबी अँटेना थोड्या खर्चांत मिळतो. तो लांब वायरीनें खिडकींत ठेवावा. घरांत तारेचें इंटरनेट नाहीं व मोबाईलवरूनच काम चालतें, अशा पूर्वेकडील डोंगरी गांवीं मोबाईल माळ्यावर किंवा खिडकींत ठेवून लॅपटॉपला यूएसबी केबलनें जोडावा. म्हणजे निदान आंतल्या हिश्श्यांत कांहीं गळत नाहीं.

दूरच्या खोलीसाठीं लहर पुढें ढकलणारें विस्तारक यंत्र घेणारांनीं तें अंधाऱ्या खोलींत लावूं नये; जेथें लहर अद्याप चांगली आहे अशा अर्ध्या वाटेवर लावावें. एकाच लहरीवर घेणें-देणें करणारें साधें यंत्र वेग सुमारें निम्मा करितें, हेंही ठाऊक असावें. वाडींतील चिकू भरण्याच्या शेडपर्यंत न्यावयाचें असल्यास झाडांतून लहर पाठविण्याचा नाद सोडावा. तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, परंतु उघड्यावर तिला विजेचें भय असते. कांचतंतूची तार त्याहून बरी.

आतां एका ठकबाजीविषयीं. मोबाईलच्या मनोऱ्याची लहर वाढवून देणारें ‘बूस्टर’ म्हणून एक यंत्र विकलें जातें. वायफायच्या २.४ च्या पट्ट्यास २००५ पासून व ५ च्या बहुतेक पट्ट्यास २०१८ पासून परवाना लागत नाहीं, म्हणून वायफायचा विस्तारक घरांत ठेवणें कायदेशीर आहे. मोबाईलच्या बूस्टरचें तसें नाहीं. परवान्यावांचून असें बिनतारी यंत्र बाळगणें १९३३ च्या कायद्यानें गुन्हा होता व २०२३ च्या दूरसंचार कायद्यांतही त्यास मनाईच आहे. शिवाय एका घरच्या बूस्टरनें मनोऱ्याच्या कामांत गोंधळ होऊन साऱ्या आळीचे फोन बिघडूं शकतात. विकणारा हें सांगत नाहीं. तो पावतीही देत नाहीं, यावरून समजणाऱ्यानें समजावें.

संघाच्या व्यवस्थापक मंडळास आमची एक सूचना आहे. प्रत्येक सभासदानें पाहणीसाठीं केबल व जोड विकत घ्यावा हें अवाजवी आहे. संघानें वीस मीटरची एक केबल, यूएसबीचा एक जोड व वेग टिपण्याचे छापील तक्ते घेऊन ठेवावे, आणि अर्जांच्या मुदतीच्या दिवसांत संघाच्या कचेरींतील एक मेज केबलच्या इंटरनेटसह सभासदांस रात्रीं नऊपर्यंत खुलें ठेवावें. केबल खिळ्यास टांगलेली असावी. नेणारानें वहींत सही करावी व तिसऱ्या दिवशीं ती परत आणावी, एवढा नियम पुरे.