फॉर्म वेगळा, टेबल वेगळं!

कॉन्व्हेंटमधल्या मुलीनं मराठी विभागात लिहायचं आणि तेही रूबीवर, म्हणजे जरा धाडसच! पण विषय आपल्या सगळ्यांच्या प्रोजेक्टचा आहे, तेव्हा गोड मानून घ्या.

माझं म्हणणं सरळ आहे. स्क्रीनवरचा फॉर्म आणि डेटाबेसमधलं टेबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठल्याही ऑफिसात बघा. खिडकीवरचा क्लार्क आधी अर्ज तपासतो, सही नसेल तर परत देतो आणि मगच रजिस्टरमध्ये नोंद होते.

२००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रेल्स सर्वांसाठी खुलं केलं. एका टेबलाला एक मॉडेल आणि त्याच मॉडेलवर फॉर्म, ही त्यातली मजा. छोट्या कामाला हे झकास! पण टेकफेस्टची नोंदणी घ्या. एकाच फॉर्ममध्ये टीमचं नाव, चार सभासद आणि 'नियम मान्य आहेत' ही खूण. टेबलं दोन, आणि त्या खुणेला तर कॉलमच नाही. मग मॉडेलमध्ये अटी घुसतात: नोंदणी असेल तर मोबाइल नंबर हवा, निकाल भरताना नको. वर्षभरात त्या मॉडेलला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

यावर उपाय फॉर्म ऑब्जेक्ट, म्हणजेच आपला खिडकीवरचा क्लार्क. हा रूबीचा साधा क्लास. त्यात 'ॲक्टिव्हमॉडेल::मॉडेल' इन्क्लूड केलं की टेबल नसतानाही व्हॅलिडेशन आणि एरर मेसेज मिळतात. ही सोय रेल्स ४ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. फॉर्ममधून आलेला आकडासुद्धा स्ट्रिंग असतो. रेल्स ५.२ (२०१८) मध्ये आलेलं 'ॲक्टिव्हमॉडेल::ॲट्रिब्यूट्स' त्याचा खरा आकडा करून देतं. नियम एकच लक्षात ठेवा: जी अट कायमची ती मॉडेलमध्ये, जी त्या फॉर्मपुरती ती फॉर्म ऑब्जेक्टमध्ये.

मात्र दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक, टीम सेव्ह झाली आणि चौथ्या सभासदावर गाडी अडली. टीम डेटाबेसमध्ये, आणि तो बिचारा गेटवर उभा, यादीत नाव नाही! म्हणून सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये घ्यावं आणि आत उद्गारचिन्हवालं 'सेव्ह!' वापरावं. साधं 'सेव्ह' व्हॅलिडेशन चुकलं तर नुसतं फॉल्स देतं. एक्सेप्शन नाही, म्हणून रोलबॅकही नाही.

दोन, 'हा ईमेल आधी आलाय का' हे फक्त फॉर्ममध्ये तपासून भागत नाही. दोन खिडक्यांवर एकाच क्षणी तोच ईमेल आला, तर दोन्ही क्लार्क 'नाही' म्हणून मोकळे! तिथे डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्सच हवा. त्यातून येणारं 'रेकॉर्डनॉटयुनिक' एक्सेप्शन पकडून फॉर्मवर सरळ शब्दांत सांगावं.

काहीजण म्हणतात, यानं फाइली वाढतात. वाढतात खऱ्या. एका टेबलाचा साधा फॉर्म असेल तर मीही वेगळा क्लार्क नेमणार नाही. पण दोन टेबलं आली की नेमाच. सबमिशनपुरता कोड कसाही चालून जातो हो, पण फॉर्म भरणारा माणूस खरा असतो आणि त्याची नोंद अर्धवट राहिली तर धावपळ त्याची होते, आपली नाही. बघा पटतंय का!