‘गो’चे ‘वेंट’ आणि वर्गातला हशा

इंग्रजीच्या तासाला एखाद्याच्या तोंडून ‘टीच्ड’ किंवा ‘कॅच्ड’ असे रूप निसटले की वर्गात हशा पिकतो. हसणाऱ्यांना ‘टॉट’ आणि ‘कॉट’ का होते हे ठाऊक असते असे मुळीच नाही. त्यांनी शाळेत तक्ता घोकलेला असतो, एवढेच! ज्याला हसले जाते तो मात्र पुढे वर्षभर तोंड उघडीत नाही. तो बहुधा खेड्यावरून आलेला असतो, हेही सांगायला हवे.

वास्तविक ‘टीच्ड’ म्हणणाऱ्याला भूतकाळाचा नियम कळलेला असतो. इंग्रजांची मुलेही लहानपणी ‘गो’ला ‘एड’ जोडून मोकळी होतात (ते रूप कानाला आपल्या ‘गोड’सारखेच लागते). चुकते ते इतकेच की, नियम कोठे थांबतो हे त्यांना अजून उमगलेले नसते. आणि तो थांबतो नेमका रोजच्या शब्दांपाशी. असणे, करणे, जाणे, येणे, पाहणे, घेणे, म्हणणे या अर्थांची इंग्रजी क्रियापदे सगळी अनियमित आहेत. ती सतत जिभेवर राहिली म्हणून त्यांची जुनी रूपे टिकली. जी टिकली नाहीत ती नियमात गेली. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘हेल्प’चा भूतकाळ ‘होल्प’ असाही आढळतो, आज ‘हेल्प्ड’ झाला आहे. नवे क्रियापद तर ‘एड’ लावूनच जन्माला येते. ‘गूगल्ड’ हे त्याचे ताजे उदाहरण.

‘वेंट’ हे मूळचे ‘गो’चे नव्हेच. ते ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप. ‘गो’ने ते आपलेसे केले. यात इंग्रजीचा लहरीपणा पाहणाऱ्यांनी जरा आपल्या घरात डोकवावे. ‘जा’ हा धातू संस्कृत ‘या’पासून आला आणि ‘गेला’ हे रूप ‘गम्’च्या ‘गत’पासून. ‘कर’चे ‘केला’, ‘मर’चे ‘मेला’, ‘माग’चे ‘मागितला’! हे तक्ते आपल्याला कोणी पाठ करायला लावले नाहीत. आणि ‘पाणी पिलं’ म्हणणाऱ्याला ‘प्यायलं म्हण’ असे सुनावणारे शहरी नाक आपल्या परिचयाचे आहेच. इंग्रजीच्या तासाचे हसू त्याच जातीचे आहे.

याचा अर्थ ‘टीच्ड’ चालवून घ्यावे असा नव्हे. शुद्ध रूप यायलाच हवे. पण ते वर्णानुक्रमाच्या तक्त्यातून येत नाही, वाक्यातून येते. ज्याला ‘वेंट’ तोंडपाठ आहे तोही ‘आय डिड नॉट वेंट’ असे बेधडक लिहितो, कारण भूतकाळाचा भार ‘डिड’ने आधीच उचलला आहे हे तक्ता सांगत नाही. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे, त्याचा भूतकाळ ‘ले’. आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे, त्याचा ‘लेड’. येथे तर भलेभले गडबडतात.

प्राध्यापकवर्गालाही एक विनंती. ‘लर्न्ट’ आणि ‘लर्न्ड’, ‘बर्न्ट’ आणि ‘बर्न्ड’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. अमेरिकेत दुसरे अधिक चालते. उत्तरपत्रिकेत त्यावर लाल रेघ ओढू नये. रेघ ओढायचीच तर ‘हँग’वर ओढावी. भिंतीवरचे चित्र ‘हंग’ होते, फाशी दिलेला माणूस ‘हँग्ड’. हा फरक समजावून द्यायला तासातली दोन मिनिटे पुरतात.